आवर्तन पुरं होईपर्यंत

उत्तरेश्वरचा उजवा हात मनगटापासून गेला तो फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी पावणेदोनला. दोष हॅमर चालवणाऱ्या ज्ञानदेववर आला. खरा दोष कोणाचा हे एकट्या अभयला ठाऊक होतं, आणि अभय एकवीस दिवस गप्प बसला.

अभय रामटेकडीचा. दहावी झाल्यावर हडपसरच्या एका फोर्जिंग शेडमध्ये भट्टीवर लागला, त्याला तेरा वर्षं झाली. लोखंडाचे बार भट्टीत घालायचे, रंग बघायचा, रंग आला की बाहेर ओढायचे. लाल असताना काढला तर घाव फुकट जातात. पांढरा होऊ दिला तर बार जळतो. तेरा वर्षांत त्यानं जाळलेले बार दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

सुट्टीच्या दिवशी तो बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचा. मग चुलतबहिणीनं, कल्याणीनं, हिंजवडीच्या नोकरीतला तिचा जुना लॅपटॉप त्याला दिला आणि त्यानं एक पेटी आणली. पेटीवर चौसष्ट चौकोनी बटणं. प्रत्येक बटणात आवाजाचा एक तुकडा. दाबला की तो फिरत राहतो, त्याला लूप म्हणतात. उभ्या रांगेत एक वाद्य, आडव्या रांगेत गाण्याचा एक टप्पा. एक रांग सोडून दुसरीवर जायचं, ढोलकी काढून घ्यायची, हलगी आत सोडायची, हे सगळं लोकांसमोर, चालू गाण्यात. वस्तीतले लोक म्हणायचे, "बटणं दाबायला काय अक्कल लागते?" कुठलं बटण कधी दाबायचं नाही, हे शिकायला अभयला दोन वर्षं लागली होती.

पेटीची एक रीत होती. बटण दाबलं की आवाज लगेच सुरू होत नाही आणि लगेच थांबतही नाही. चालू आवर्तन पुरं होतं, मगच हुकूम पाळला जातो. त्यामुळे बोट अर्धा क्षण मागेपुढे झालं तरी ताल चुकत नाही.

चौदा एप्रिलच्या जयंतीला स्टेजवर त्याचा पाऊण तासाचा कार्यक्रम ठरला होता. त्यासाठी त्याला शेडमधल्या हॅमरचा घाव हवा होता. तसा आवाज कुठल्याच तयार तुकड्यात मिळेना. त्यानं फोन खांबाला बांधून आठवडाभर आवाज घेतले. त्यातून चार घावांचं एक आवर्तन कापलं. बाकीच्या घावांआधीच्या हाका छाटल्या, शेवटच्या घावाआधी मात्र उत्तरेश्वरची हाक उरली, "हाण!" ती काढायला हवी होती. पण हाकेमुळे घावाला जोर येत होता. त्यानं ती ठेवली.

आता शेडमधली रीत. उत्तरेश्वर सांडशीत तापलेला बार धरून ऐरणीवर ठेवायचा. ज्ञानदेवचा पाय पेडलवर. पेडल दाबलं की अर्ध्या टनाचा हॅमर खाली. दोघांच्या मधे ठिणग्यांसाठी पत्रा लावलेला, त्यामुळे ज्ञानदेवला ऐरण दिसत नसे. त्याला बघायची गरजही नव्हती. हाक आली की पाय. एका तापात सात घाव, आणि असं अकरा वर्षं. सगळे त्याला माऊली म्हणायचे, आणि उत्तरेश्वर म्हणायचा, "माऊलीचा पाय म्हणजे माझ्या तोंडाला बांधलेला."

त्या मंगळवारी बाकीचे जेवायला गेले होते, उत्तरेश्वर आणि ज्ञानदेव हातातला बार पुरा करत होते. अभयनं कार्यक्रमाचा मोठा स्पीकर शेडमध्ये आणून ठेवला होता. आपला घाव खऱ्या घावाशेजारी ओळखू येतो का, हे त्याला बघायचं होतं. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर हॅमर चालायचाच. त्यानं बटण दाबलं. पहिला घाव पडला, आणि कोणी मान वर केली नाही. अभय हसला.

तेवढ्यात उत्तरेश्वरचा बार ऐरणीवर आडवा सरकला. तो सांडशीनं सरळ होईना, म्हणून त्यानं हातमोजा घातलेला हात आत घातला.

अभयनं पाहिलं. त्यानं थांबायचं बटण दाबलं. पेटी थांबली नाही. दुसरा घाव. त्यानं परत दाबलं. तिसरा. तो ओरडला, पण स्पीकर त्याच्यापेक्षा मोठा होता.

"हाण!"

ज्ञानदेवचा पाय पडला.

हात कापावा लागला असं पुढे सगळे म्हणत. कापायला तिथं काही उरलं नव्हतं. बाराशे अंशांचा बार खाली, अर्धा टन वर. मोजा आणि हात वेगळे करता येईनात. उत्तरेश्वर बेशुद्ध पडला. अभयनं त्याला उचलून टेंपोत घातलं, आणि परत येऊन, कोणी विचारायच्या आत, स्पीकरची वायर काढली.

दवाखान्यात उत्तरेश्वरला काहीच आठवत नव्हतं, एक गोष्ट सोडून. "मी हाक दिली नाय. हात आत असताना हाक देईन का मी?"

ज्ञानदेव म्हणत होता, "मी ऐकली. आईशप्पथ ऐकली."

शेडमध्ये कोणीतरी म्हणालं, "सकाळीच घेतली असंल माऊलींनी." ज्ञानदेव माळकरी होता, दारूला शिवत नव्हता. तरी बोल चिकटला.

उत्तरेश्वरचा धाकटा भाऊ दत्तप्रसाद स्वारगेटला रिक्षा चालवायचा. त्यानं ज्ञानदेवला भर रस्त्यात गाठलं आणि चाकाच्या पान्यानं तोंडावर मारलं. तीन दात पडले, जबडा हलला. तो खाली पडल्यावर त्याच्या छातीवर बसून म्हणाला, "हे नुसतं तोंड झालं. भाऊ घरी येऊ दे. ज्या पायानं त्याचा हात नेला, तो गुडघ्यातनं काढतो का नाय बघ."

हे सगळ्यांनी ऐकलं. अभयनंही ऐकलं. ज्ञानदेव कामावर येईना, घराबाहेरही पडेना. उत्तरेश्वर घरी आला त्या दिवशी अभय त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दादा, माऊलीनं हाक ऐकली. माझ्या स्पीकरवर होती. तुमचाच आवाज."

दत्तप्रसादनं त्याला उंबऱ्यावरच थोबाडलं. "पेटी हाक मारती? कुणी शिकवून पाठवला तुला, त्या माळकऱ्यानं?"

उत्तरेश्वरनं डाव्या हातानं भावाला मागं सारलं. मग म्हणाला, "उद्या शेडमधी दाखव. माऊलीला बोलव."

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, दोघे भाऊ, ज्ञानदेव आणि अभय असे चौघे शेडमध्ये होते. ज्ञानदेवचा जबडा बांधलेला. तो पत्र्यामागं पेडलजवळ बसला. अभयनं थंड बार ऐरणीवर ठेवला, स्पीकर त्याच जागी लावला आणि काही न सांगता बटण दाबलं. एक. दोन. तीन. "हाण!"

हॅमर आला. बार उडून भिंतीवर आदळला. ज्ञानदेव पेडलवरून मागं सरला आणि आपल्या पायाकडे बघत राहिला. पाय त्यानं टाकला नव्हता; पाय पडला होता.

उत्तरेश्वरनं डावा हात उजव्या बाहीच्या टोकाभोवती आवळला. "माझाच आवाज हाय," तो म्हणाला. "माऊली, तुझं काय चुकलं नाय."

दत्तप्रसाद अभयच्या अंगावर गेला. पान्याचा पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा बरगडीत. अभय पडला तसा दत्तप्रसादनं त्याला कॉलर धरून ऐरणीपाशी ओढलं, उजवा हात ऐरणीवर दाबला आणि वर गुडघा दिला. अभयनं हात सोडवायचा प्रयत्न केला नाही.

"माऊली, दे पाय!" दत्तप्रसाद ओरडला. "तुझं पण देणं हाय ह्याच्याकडं. दात मोज तुझे. दे!"

ज्ञानदेवनं पाय परत पेडलवर ठेवला होता, एवढं पत्र्याखालून दिसत होतं.

"दे की!"

"हाक उत्तरेश्वरची असती," ज्ञानदेव बांधलेल्या जबड्यातून म्हणाला. "तुझ्या हाकंवर मी पाय टाकत नाय."

मग सगळे उत्तरेश्वरकडे बघू लागले. दत्तप्रसाद बघत होता, ऐरणीवर गाल टेकलेला अभय बघत होता. शेजारच्या शेडचा हॅमर चालू होता. उत्तरेश्वरनं तोंड उघडलं. दोनदा उघडलं. हॅमरचं तोंड अभयच्या मनगटावर दीड हात होतं. उत्तरेश्वरला आपल्या आवाजाची किंमत पूर्वी कधी करावी लागली नव्हती. दिवसाला चारपाचशे वेळा तो ती हाक द्यायचा आणि घरी जाऊन जेवायचा.

हाक आली नाही.

ज्ञानदेवनं पाय काढला, उठला आणि हॅमरला हवा देणारा कॉम्प्रेसर बंद केला. दत्तप्रसादनं पान्याचा एकच फटका अभयच्या बोटांवर घातला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट मोडलं. मग त्यानं पाना फेकला आणि भिंतीला डोकं लावून रडायला लागला.

अभय उठून बसला. बोटं वाकडी होती, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. त्यानं डाव्या हातानं लॅपटॉप ओढला आणि तो तुकडा पुसायला काढला.

"थांब," उत्तरेश्वर म्हणाला. "पुसून काय माझा हात येतो? ठेव. पोलिसात ऐकव, शेठला ऐकव, ज्यांनी माऊलीला बेवडा म्हटलं त्यांना ऐकव. मग पूस."

"जयंतीला नाही वाजवणार मी."

"ते तुझं तू बघ." उत्तरेश्वरनं पडलेला बार पायानं सरकवून ऐरणीखाली घेतला. "बोटं बांधून घे आधी. जुळली की सकाळी सात वाजता यायचं. सांडस धरायला माणूस नाय."

अभयनं ज्ञानदेवकडे बघितलं. आता पत्र्यामागं हाच बसणार होता, आणि पुढं ऐरणीवर अभयचा हात.

"येशील ना?" ज्ञानदेवनं विचारलं.

अभय म्हणाला, "येतो."