मंदाचं सामान

अश्विनीचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, आई गेली..." एवढंच ती बोलू शकली. मंदाची फुप्फुसं दोन वर्षांपासून थकत चालली होती, तेव्हा बातमी अनपेक्षित नव्हती. त्याला आता दीड महिना झाला. तिच्याबद्दल लिहायचं तर स्वतःबद्दलही खरं लिहावं लागेल, म्हणून इतके दिवस टाळत होते.

पुण्यात बी.एस्सी.ला असताना आम्ही दोघी मुलींच्या वसतिगृहात एकाच खोलीत राहायचो. मंदा फलटणजवळच्या एका खेड्यातली, त्या गावातून कॉलेजात आलेली पहिलीच मुलगी. गणितात सगळ्या वर्गाच्या पुढे. मला एखादं उदाहरण सुटलं नाही की माझी वही ओढून घ्यायची आणि म्हणायची, "अगं, घाबरतेस कशाला त्याला? ते काही चावत नाही." शेवटच्या वर्षी परीक्षेला तीन आठवडे उरले असताना तिच्या खोकल्यातून रक्त पडलेलं मी पाहिलं. रुमाल मुठीत चुरगाळत ती म्हणाली, "परीक्षा होऊ दे गं. मग मी आपणहून डॉक्टरकडे जाते. तोवर कुणाला सांगू नकोस." मी शब्द दिला आणि दोन दिवस पाळला. ते दोन दिवस मी भिंतीकडे तोंड करून झोपत होते, माझा पेला कपाटात कुलूपबंद ठेवत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळीला गेल्यावर मी रेक्टरबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तिच्या काळजीपोटी सांगितलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आले. खरं तर मला माझ्या जिवाची भीती वाटली होती.

एक्स-रे काढला, क्षय निघाला. मंदानं परीक्षेपुरतं राहू देण्याची विनवणी केली, तेव्हा रेक्टरबाई म्हणाल्या, "परीक्षा दरवर्षी येते. उद्या दुपारपर्यंत खोली रिकामी करा." तिला सामान बांधायला कुणीच पुढे आलं नाही. मुली दारातून डोकावायच्या आणि पदर नाकाला लावून निघून जायच्या. मग मी पुढे झाले. तिच्या साड्यांच्या घड्या घातल्या, पुस्तकं सुतळीनं बांधली, गादीची वळकटी केली. मध्येच ती माझा हात धरून रडली. म्हणाली, "तू होतीस म्हणून..." मी हात सोडवून घेतला आणि पुढची साडी उचलली. तिचा थोरला भाऊ मार्केट यार्डात कांदा उतरवून रिकामा ट्रक घेऊन आला होता. "एवढंच हाय सामान?" त्यानं विचारलं आणि ट्रंक खांद्यावर घेतली. जाताना मंदानं गणिताच्या वह्या माझ्या हातात दिल्या. "तुला उपयोगी पडतील," म्हणाली.

पडल्या. त्या वह्यांवर मला पहिला वर्ग मिळाला, त्यावर बँकेत नोकरी. महिन्याभरानं तिचं पोस्टकार्ड आलं होतं, पेपर कसे गेले म्हणून विचारणारं. मी उत्तर लिहिलं नाही.

पंचवीसेक वर्षांनी माझी बदली विश्रांतवाडीच्या शाखेत झाली आणि एके दिवशी काउंटरपलीकडून कुणीतरी माझं माहेरचं नाव घेतलं. मंदा होती. दुखणं दोन वर्षं चाललं, मग लग्न झालं, कॉलेज राहिलं ते राहिलंच. दोन खोल्यांच्या घरात ती आसपासच्या मुलांच्या शिकवण्या घेत होती. आमचं पुन्हा जाणं-येणं सुरू झालं. तिची मुलगी अश्विनी मला मावशी म्हणू लागली. वसतिगृहाचा विषय मात्र आम्ही दोघींनीही कधी काढला नाही.

गेल्या वर्षी ती इस्पितळात होती. घरी सोडायच्या दिवशी मी तिचे कपडे पिशवीत भरायला घेतले, तर तिनं पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"राहू दे. मी भरते."

"अगं, तुला धाप लागतेय."

"लागू दे." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेक्टरबाईंना तूच सांगितलंस ना?"

मी म्हणाले, "हो."

"त्याच दिवशी कळलं होतं मला. पेला कुलपात ठेवणारी तूच होतीस." तिनं एक साडी घडी करून पिशवीत ठेवली. "सांगितलंस ते बरोबरच केलंस. माझ्यामुळे आणखी दोघीतिघी आजारी पडल्या असत्या. पण सामान बांधायला तू यायला नको होतंस... तेवढं माझं मला करू द्यायचं होतंस."

ती त्यानंतरही पूर्वीसारखीच वागली. मी गेले की चहा टाकायला सांगायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची.

शेवटच्या आजारपणात ती रोज सकाळी खाटेवर बसून आपली पिशवी स्वतः भरायची, घरी सोडणार असल्यासारखी. संध्याकाळी लागेल ते काढायची, सकाळी पुन्हा भरायची. नर्सनं हात लावलेला तिला चालायचा नाही. ती गेली त्या दिवशीही पिशवी भरलेलीच होती, बंद नीट बांधलेले. दहाव्यानंतर अश्विनीनं ती माझ्यासमोर ठेवली. "माझ्याच्यानं होत नाही मावशी, तुम्ही उघडा."

मी म्हणाले, "नको गं. तिनं भरलीय."

ती पिशवी अजून त्यांच्या आतल्या खोलीत, मंदाच्या कॉटवर आहे. मी जाते तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसते.