मेणबत्ती धरलेला बाप

विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. गोवा राज्य झालं त्या वर्षीच्या नाताळात आमोण्याला सासरी मी ओली बाळंतीण होते. खोलीत ओव्याची धुरी कोंडलेली, आणि भिंतीवर पाववाल्या पोदेराने दिलेलं नवं कॅलेंडर. त्यावर नेदरलँड्समधलं फार जुनं चित्र होतं: मोडका गोठा, उघड्या जमिनीवर येशूबाळ, आणि शेजारी मेणबत्तीला हाताचा आडोसा धरून बसलेला म्हातारा जोसेफ. तिन्हीसांजेला वीज गेली, बाळ किंचाळलं आणि आमचे हे मेणबत्ती घेऊन धावत आले. लेकीचं तोंडही यांनी अजून पाहिलं नव्हतं. "थंयच राव! सोयर आसा!" सासूबाईंनी ओरडून यांना तिथेच थांबवलं. हे मेणबत्ती उंबऱ्यावर ठेवून मागे फिरले. मी संतापून चित्राकडे बोट दाखवलं, "त्या बापाला नाही कुणी बाहेर काढलं!" "ताका सांगपाक घरांत आवय नासली," सासूबाई म्हणाल्या. जोसेफला सांगायला घरात आई नव्हती म्हणे! आणि त्यांनी कॅलेंडरच उतरवलं. काल तीच लेक स्वतःचं बाळ घेऊन घरी आली. संध्याकाळी वीज गेली. सासूबाई जाऊन वर्षं लोटली, तरी आजोबा झालेला हा माणूस मेणबत्ती धरून उंबऱ्याबाहेरच उभा. "अहो, आत या की!" मी ओरडले. "आता कोण अडवतंय तुम्हाला?"