कापूस तुडवणारे पाय

तापीच्या दोन्ही काठांवर मिळून माझ्या मामाइतका अस्वस्थ माणूस झाला नसेल. मामा बसला तरी त्याचे पाय बसत नसत. पंगतीत त्याच्या शेजारचा माणूस कढीची वाटी हातात धरूनच जेवायचा. त्याची दाढी करायची म्हणजे गुडघे दाबून धरायला न्हावी आपल्या भावाला सोबत आणायचा. खांडबाऱ्याला मुलगी पाहायला गेला, तर चहा येईपर्यंत त्याने टाचांनी बैठकीचं सारवण उकरून ठेवलं. मुलीचे वडील एवढंच म्हणाले, "पोऱ्या चांगला शे, पन घर पडी जाई." मामाचं लग्न राहिलं ते राहिलंच.

या पायांचा उपयोग घरात फक्त त्याच्या वडिलांना, म्हणजे माझ्या आजोबांना, कळला होता. म्हसावदच्या त्यांच्या शेतातला कापूस बैलगाडीत भरताना पायांनी तुडवून दाबावा लागे. मामा गाडीत चढला की कापूस असा खाली बसायचा, की गाडीत दीडपट माल जाई. आजोबा मात्र पाहायला थांबत नसत. गाडी भरली की ओसरीवरूनच "उतर" म्हणायचे.

एका हिवाळ्यात मामा गाडीतून उतरला तो थेट एका मोठ्या तमाशाच्या फडात गेला. तिथली बढती सरकारी कचेरीपेक्षा सावकाश. आधी तंबूचे खुंटे ठोकले, मग मागे उभं राहून गाणाऱ्यांना सूर दिला, मग लुगडं नेसून गवळणींच्या शेवटच्या रांगेत आला. त्या फडात बायका नव्हत्या, गवळणी म्हणजे मिशा काढलेले पुरुषच. वर्षातून एकदा घरी यायचा आणि माझ्या आईला, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीला, सांगायचा, "बाई, आखो एक रांग पुढे सरकनू." आजोबा ऐकू न आल्यासारखे सुपारी कातरत राहायचे. टाळ्या, शिट्ट्या मामाला उदंड मिळत. बापाने एकदा समोर बसून पाहावं, एवढ्याच एका गोष्टीसाठी त्याचा जीव तळमळायचा.

साठ सालानंतर कधीतरी मामा अगदी पुढच्या रांगेत आला आणि त्याच हंगामात फड म्हसावदला उतरला. दिवसभर मामा ओसरीवर येरझारा घालत होता. शेवटी आजोबांपुढे उभा राहिला. "दादा, आज येशात ना?"

"लुगडं नेसेल पोऱ्याले मी पाहू?" आजोबा म्हणाले. "माले त्यामा काय समजस."

खेळाला सारा गाव लोटला. नाचताना मामाची नजर पुन्हा पुन्हा माणसांवरून फिरत होती, ती मला बघवेना. आजोबा आले नाहीत.

सकाळी खळ्यात गाडी लागली होती. मामा चढला, गालावरची लाली तशीच. निम्मी गाडी भरली असेल, तोच आजोबा स्वतः खाट उचलून आणताना दिसले. ती त्यांनी गाडीच्या अगदी समोर टाकली आणि मांडी घालून बसले. मामाचे पाय थांबले. जन्मात पहिल्यांदाच थांबले असावेत.

"थांबना काबर? चालू दे," आजोबा म्हणाले. "हाऊ नाच माले समजस."

आता ते दोघेही नाहीत. वेचणीचे दिवस आले की ती खाट आठवते आणि मला भरून येतं. त्या सकाळी गाडी काठोकाठ भरली, बैल जुंपायची वेळ टळून गेली, तरी आजोबांनी "उतर" म्हटलं नाही, आणि मामाही उतरला नाही.