हिरामावशीचा पाट

हिरामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी खारघरच्या आमच्या दोन खोल्यांच्या स्टुडिओत तिच्याच आवाजाची फाइल उघडून बसलो होतो. फोनवर तिची सून होती. "आई गेल्या सकाळी..." एवढं सांगून ती म्हणाली, "आमच्या सानवीचं एक वाक्य रेकॉर्ड व्हायचं राहिलंय ना हो तुमच्याकडे?" आज त्याला पाच आठवडे झाले.

मावशी जुईनगरच्या बाजारात मासे विकायची. मी मूळचा साताऱ्याचा. ताजा मासा ओळखायला तिनंच शिकवलं, तेही माझी यथेच्छ टिंगल करत. आम्ही खाडीतल्या प्राण्यांवर ॲनिमेशनचा सिनेमा करत होतो आणि त्यातल्या पोरांवर खेकसणाऱ्या म्हाताऱ्या कासविणीला मला तिचाच आवाज हवा होता. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. तिला हेडफोन घालून माइकसमोर उभं केलं. बाजार दणाणून सोडणारी ही बाई शाळेत धडा वाचल्यासारखी बोलू लागली. शेवटी तिनंच हेडफोन काढला. "या काल्या दांड्याशी काय बोलू, बाला? मना समोर गिऱ्हाईक पायजे."

दुसऱ्या दिवशी ती बाजारातला आपला बसायचा पाट घेऊन आली. ती पाटावर, मी समोर चटईवर. "मावशी, शिळे दिसतात," असं मी म्हटलं की तिचा पारा चढायचा आणि त्याच झटक्यात ती कासविणीचं वाक्य बोलून टाकायची. अख्खा सिनेमा आम्ही असा केला.

तो दाखवायला जाऊ तिथं मुलं एकच विचारायची, ही आजी एवढी का ओरडते? म्हणून दुसरा सिनेमा पुढचा न करता आधीचा केला, प्रीक्वेल. कासवीण लहान असताना तिचा भाऊ भरतीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी जातो आणि परत येत नाही, ही ती गोष्ट. मुलांना हसायला चिखलातल्या घसरगुंड्या होत्या, मोठ्यांना गप्प करायला ती भरती. छोट्या कासविणीसाठी मावशीनं आपली नात पुढे केली. सानवी नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली. आजीची बोली तिला कळायची, पण बोलायची लाज वाटायची. या वेळी मावशी गिऱ्हाईक झाली, पण पाट काही सोडला नाही.

"गिऱ्हाईक कधी पाटावर बसतं का गं आजी?"

"ह्ये बसतं. ए पोरी, तुजं म्हावरं शिलं हाय."

"तुजं नाक शिलं हाय," सानवीच्या तोंडून निघून गेलं, आणि मावशी खोकला येईपर्यंत हसली. तिथून पोरगी थांबली नाही.

शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. पहिला सिनेमा ज्या वाक्यानं सुरू होतो त्यावरच हा संपतो: "माघारी फिरा रं पोरांनो, पानी चढतंय." त्याच सुमारास मावशी हॉस्पिटलात गेली आणि रेकॉर्डिंग थांबलं. मी भेटायला गेलो तर म्हणाली, "दुसरी पोरगी आनू नको. आमची सानवीच बोलंल." मी मान हलवली खरी... पण मावशी गेल्यावर सानवी कुणाशीच बोलेना, तेव्हा मी दुसऱ्या मुलीची चौकशी सुरू केली होती. त्याची मला आज लाज वाटते.

गेल्या आठवड्यात सानवीची आई तिला घेऊन आली. मावशीचा पाट स्टुडिओतच होता, मी सवयीनं त्याच्यासमोर चटईवर बसलो. सानवी पाटाकडे बघत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "काका, तुम्ही उठा. तुम्हाला मासे कळत नाहीत."

मी उठलो. ती पाटावर बसली, आणि रिकाम्या चटईकडे बघून ते वाक्य एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा घ्यावं लागलं नाही. आवाज आजीचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, आणि मला तोच हवा होता. काचेपलीकडे रेकॉर्डिंग करणारा आमचा मित्र डोळे पुसत होता.

निघताना तिच्या आईनं घरी न्यायला पाट उचलला. सानवी दारातून मागे वळली.

"ऱ्हाऊ दे गं आई तिथंच. मना अजून काम हाय."