दवाखान्याफुडचा दगुड

"बाटली दगडावर ठेव आणि मागं सरक."

कंपाउंडर पायरीवनं बोलला. दवाखान्याच्या दाराफुडं, गटारीच्या कडंला, आमच्यासाठी म्हनून एक दगुड ठेवलेला. म्हारामांगांनी बाटली तितं ठेवायची आन् लांब हुबं ऱ्हायाचं. मग त्यो वरनं औशिद वतनार. अर्धं बाटलीत, अर्धं दगडावर.

माज्या खांद्यावर तीन वर्साची सुली. दोन दिसांच्या हगवनीनं पार सुकून गेलती. डाक्टरनं दारातनंच सांगितलं, "जीभ दाखव." तिनं दावली. झालं तपासनं! माज्या आदी पेठंतली एक बाई हुती. तिच्या लेकराचं पोट त्यानं चांगलं दाबून बघितलं. तिच्या बाटलीला कंपाउंडरनं खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवली. एक खाच म्हंजी एका येळचं औशिद.

मी म्हनलं, "सायेब, आमाला पट्टी?"

"तुझ्या बाटलीला हात कोण लावणार? घोट घोट पाज."

घोट कुनाचा? माजा का लेकराचा? इचारायच्या आत कंपाउंडर आत गेला.

मी गिरनीत राबनारी बाई. मला काय ठावं? घरी येऊन माज्या मापानं घोट पाजला. हगवन थांबली, गुन येतुया म्हनून दुपारी आनिक एक पाजला. सुली निजली. निजली ती उठंनाच. हाका मारल्या, तोंडावर पानी मारलं. मान लुळी. शेजारची सकूमावशी पोरीचं तळपाय घासत रडायली, "अगं, काय पाजलंस गं बाई लेकराला?" मीच मारली का काय लेकीला? दिस कलायला लागला तवा कुटं पोरीनं डोळं उगडलं.

दुसऱ्या दिशी तिला घिऊन परत गेले. बाटली हातात. झालं ते सांगितलं. डाक्टर पायरीवनं वरडला, "अफू असते त्या औषधात! अडाणी ती अडाणीच. तुम्हा लोकांना जगायची अक्कल नाही."

कंपाउंडर हसला.

हसला मेला! माज्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अक्कल त्या पट्टीत हुती, सायेब. ती तुमीच दिली न्हाय."

आन् पायरी चढले. उभ्या जल्मात पयल्यांदा. बाटली सरळ आत डाक्टरच्या टेबलावर ठेवली. "लावा पट्टी."

"खाली उतर आधी! खाली उतर!" कंपाउंडर नुसता किंचाळत हुता. डाक्टरनं मला काठीनं दाराभाईर ढकललं आन् दार लावून घेतलं. बाटली आत, मी भाईर.

वस्तीत येऊन सकूमावशीला सांगितलं, "आज माजी सुली, उद्या तुजी नात." ती उठली. आनिक पाच बाया उठल्या. सात जनींनी मिळून त्यो दगुड उचलला, भर रस्त्यानं वस्तीत आनून टाकला. दवाखान्यातलं कुनीबी माघारी न्यायला आलं न्हाय. येनार कसं? आमी शिवलेला की त्यो.

वस्तीत नळ न्हाय, गटार न्हाय, म्हनून तर हगवन. नळ मागनार, गटार मागनार, हितंच दवाखाना मागनार. त्यात आमच्याच शिकलेल्या पोरी पट्ट्या लावतील. तवर त्यांच्याच दवाखान्यात जानार, आन् बाटली टेबलावरच ठेवनार. दाराफुडं नवा दगुड ठिवला तर त्योबी उचलनार. सुली मोठी झाल्यावरबी दगुड दिसला, तर उचलायला तिचाबी हात लागंल.