पिंगळी स्टेशनवर संपलेली बाटली

ऑगस्ट १९७३. पूर्णेकडून परभणीला जाणारी पॅसेंजर सकाळी पिंगळी स्टेशनवर इंजिन बिघडून थांबली. ब्रेकव्हॅनमध्ये पत्र्याचे बारा डबे होते. प्रत्येकात कटला आणि रोहू माशांची नखाएवढी पिल्ले. सोबत मत्स्य खात्याचा प्रयोगशाळा सहायक म्हणून मी आणि चारठाण्याजवळच्या तलावावरील मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मारोतराव.

दुष्काळात त्यांचा तलाव तळापर्यंत आटला होता. मासा उरला नव्हता. यंदा पाणी आले. पिल्लांचे हे बीज गेले तर वर्षभर जाळे कोरडे राहणार होते. दुसरे बीज खात्याकडे नव्हते.

तासाभरात डबे तापले. थर्मामीटर एकतीसवर गेला. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी. त्यात पिल्लांची घाण. आम्ही हाताने पाणी खळबळवत होतो.

"साहेब, पिल्लं तोंड वर काढायलेत. पाणी बदलू," मारोतराव म्हणाले.

स्टेशनजवळच्या नाल्याचे पाणी गढूळ होते. गाळाने कल्ले बुजतात. स्टेशनमास्तर धावत आले.

"अहो, विहीर आहे ना! कालच शुद्ध केली. गावात हगवण चालू आहे, म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली. बिनधास्त घ्या."

मारोतरावांनी बादली भरून डब्यावर तिरपी केली. मी हात धरला.

"थांबा. आधी तपासू."

"तुमची तपासणी होईस्तोवर पिल्लांचं तेरावं घालायचं का?"

परीक्षानळीत विहिरीचे पाणी घेऊन ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाणी पिवळेजर्द झाले. म्हणजे क्लोरीन. माणसाला ते चालते. माशाचे कल्ले जाळते.

"आता?" मास्तरांनी विचारले. त्यांचा चेहरा उतरला होता.

माझ्या पेटीत हायपोची एक बाटली होती. फोटो धुणारे वापरतात तेच रसायन. आम्ही ते ऑक्सिजन मोजायला वापरायचो. ते क्लोरीन निकामी करते. एका बादलीत मोजून हायपो घातला, पाणी ढवळले, नळीत घेऊन पुन्हा थेंब टाकले. रंग आला नाही.

तरी खात्री नव्हती. दहा पिल्ले बादलीत सोडली. स्टेशनच्या घड्याळात दहा मिनिटे पाहायचे ठरले.

"एक आडवं झालं!" मास्तर ओरडले.

"आडवं न्हाई, वळलंय. तुमी गाड्या बगा, मासा मी बगतो," मारोतराव म्हणाले.

दहा मिनिटांनी दहाही पोहत होती.

मग एकच धांदल उडाली. मास्तर स्वतः पोहरा ओढू लागले. मी हायपो मोजत होतो. मारोतराव एका बादलीतून दुसरीत उंचावरून पाणी ओतत होते. खोल विहिरीच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. असे ओतल्याने त्यात हवा मिसळते. विहिरीचे पाणी डब्यातल्यापेक्षा पाच अंशांनी थंड होते. एकदम बदलले असते तर पिल्लांना धक्का बसला असता. म्हणून तांब्या-तांब्याने बदलले. उतारूही खाली उतरून हात लावू लागले.

"तळाला गेली! साहेब, पिल्लं तळाला गेली!" मारोतरावांनी पहिल्या डब्याजवळून आरोळी दिली. वर तोंड काढून हवा गिळणारी पिल्ले खाली जाणे, हीच चांगली खूण.

अकराव्या डब्याला बाटली संपली. तेवढ्यात परभणीहून दुसरे इंजिन आले. पाणी न बदललेल्या बाराव्या डब्यातली पिल्ले परभणी येण्याआधी मेली.

अकरा डबे दुपारी तलावावर पोहोचले. सोडण्यापूर्वी तलावाचा ऑक्सिजन मोजायचा नियम होता. हायपोशिवाय मोजता आला नाही; पिल्ले तशीच सोडली. आठवड्याने वरिष्ठांनी बोलावले.

"ऑक्सिजनचा रकाना कोरा का?"

"हायपो पिंगळीला खर्च झाला, सर."

"तिथे कोणता तलाव आहे?"

"विहीर आहे, सर."

त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीचे जाळे पडले. पहिला कटला मारोतरावांनी काट्यावर टाकला. तो सव्वा किलो भरला. त्या वेळी माझ्या पेटीत हायपोच्या दोन बाटल्या होत्या.