छावणी कवाची?

गंगासागरबाईंच्या तोंडून एक शब्द गेला आणि त्या शब्दावर आप्पारावानं गावची बारव बुजवायला काढली.

दिंद्रुडच्या अलीकडं, गावाबाहेरच्या माळाला सगळे छावणीच म्हणतात. निजामाच्या फौजेचा तळ होता तिथं. घोड्यांच्या पागेच्या भिंती आता गुडघ्याएवढ्या उरल्यात, पण बारव धड आहे. बेचाळीस पायऱ्या, तळाला कोनाड्यात महादेव. पायऱ्यांवर शिपायांनी खेळायला कोरलेले वाघ-बकरीचे पट. लग्न होऊन आल्यापासून बाईंनी एक सोमवार चुकवला नाही. आधी बारव झाडायची, मग घरचा चहा.

परवाच्या दुष्काळात आप्पारावाच्या सोसायटीनं त्याच माळावर ढोरांची छावणी लावली होती. आता सोसायटीला तिथं गोदाम पाहिजे. त्याआधी जुनं, जपण्यासारखं काही आहे का ते बघायला औरंगाबादहून पुरातत्त्व खात्याचे साहेब आले. पंच दोन : आप्पाराव आणि बाई.

"माय, ही छावणी कधीची?" साहेबांनी विचारलं.

बाई तोंड उघडणार, तोच आप्पाराव मधी पडला. "काकू, दुष्काळातली छावणी इचारतेत सायेब."

"ती व्हय? दोन वर्सं झाली की." आणि बाईंनी सही केली.

महिन्यानं हरकती ऐकायला साहेब ग्रामसभेत आले. ग्रामसेवकानं अहवाल वाचला : 'स्थानिक महिलेच्या जबाबानुसार सदर छावणी दोन वर्षांपूर्वीची. जनावरांच्या पाण्याचा एक हौद आढळला. जतन करण्याजोगे काही नाही.'

बाईंच्या कपाळावरची इभूत घामानं ओली झाली. बायकांच्या घोळक्यातून त्या उठल्या.

"हौद? सायेब, तुमी खाली उतरलाव का?"

"वरून पाहिलं. बाभळी होत्या."

"म्हंजी तुमच्या डोळ्यावर बाभळी, अन् कागदावर माझं नाव!"

सभा हसली. आप्पाराव नाही हसला. "कावून चिडताव काकू? सही तुमचीच हाय न्हवं? महादेवाला वर नवं देऊळ बांधू, चकचकीत फरशी बसवू."

"फरशी तुझ्या बैठकीत बसव! आप्या, सायबानं इचारलं फौजेचं अन् तू माझ्या तोंडात घातलं ढोरांचं. तुला ठावं व्हतं. खोटं तू बोललास, पाप माझ्या सहीला लागलं."

आप्पाराव खाली बघायला लागला. बाई थांबल्या नाहीत. "भात्तर सालच्या दुष्काळात हिरी आटल्या, तवा गावानं ह्याच बारवेतला गाळ काढला. मी नवी नवरी, खाली टोपल्या भरत व्हते. वरून कोण वढत व्हतं? तुझा बाप. तू तान्हा व्हतास. ह्या हौदाचं पाणी पिऊन वाढलास तू."

मग त्या साहेबांकडं वळल्या. "चला. आज उतरायचं. पायताण वर काढून."

अख्खी सभा मागं निघाली. साहेब बाभळीचे काटे चुकवत एकेक पायरी मोजत उतरले. विसाव्या पायरीवर वाघ-बकरीचा पट बघून बसलेच. पटाच्या कडेला कोणा शिपायानं आपलं नाव उर्दूत कोरलं होतं. साहेबांनी त्यावर हात फिरवला. मग अहवाल मांडीवर घेतला, 'हौद' खोडलं, वर 'बारव' लिहिलं. 'दोन वर्षांपूर्वीची' खोडून 'निजामाच्या फौजेची' लिहिलं.

"खाडाखोडीवर दोन्ही पंचांची सही लागेल," ते म्हणाले.

बाईंनी ठळक अक्षरात सही केली आणि पेन आप्पारावापुढं धरलं. त्यानं हात पाठीमागं बांधले. वरून त्याचा चुलता ओरडला, "घे की बे आता!" तरी त्यानं हात काढले नाहीत.

"नगं करू," बाई म्हणाल्या. पेन त्यांनी पटाच्या मधोमध ठेवलं. "हितं ठिवलंय. पर एक ध्यानात धर. दर सोमवारी मी तळाच्या पायरीवर असती. बुजवायला मशीन आणायचं आसंल, तर सोमवारीच आण."